मला धुऊ नका

मी एक जुना टॉवेल आहे आणि मी रागावलेलो आहे. मित्रांनो, टॉवेलला कसला आलाय राग, असं म्हणून तुम्ही हसाल. खुशाल हसा. माझी कहाणी ऐकलीत की तुमच्याही तळपायाची आग मस्तकात जाईल.

माझा जन्म एका गिरणीत झाला. मागावरून उतरलो तेव्हा मी पांढराशुभ्र, जाड आणि मऊ होतो, काठाला निळी पट्टी होती. एका मोठ्या हॉटेलने मला विकत घेतलं. तिथले पाहुणे मला गालाला लावून खूश व्हायचे. एका बाईने तर मला बॅगेत घालून पळवायचा प्रयत्न केला होता. ते माझे वैभवाचे दिवस. मग माझे धागे निघू लागले, पट्टी विटली. एकदा लॉन्ड्रीतून कपडे परत नेताना हॉटेलच्या माणसाने मला गठ्ठ्यातून बाजूला काढलं आणि "हा राहू द्या" म्हणाला. इतक्या वर्षांच्या चाकरीनंतर मला एवढाच निरोप मिळाला. तो अजून मला सलतो.

अशा रीतीने मी लॉन्ड्रीचा झालो. पुढे दुकान, मधे कपडे धुण्याची यंत्रं आणि मागे राहायच्या दोन खोल्या. मालकीण कामाला वाघ, मनाने प्रेमळ, पण तिला एक खोड होती. दिसेल ते कापड ती नाकाला लावायची. साबणाशिवाय दुसरा कसलाही वास आला की ते कापड थेट यंत्रात. पडदे सुटले नाहीत, पायपुसणी सुटली नाहीत, नवऱ्याच्या अंगातला शर्टसुद्धा सुटला नाही. नवरा इस्त्रीचं काम बघायचा. त्याच्या हातची कॉलर अशी ताठ उभी राहायची की गिऱ्हाइकं त्याला कडकराव म्हणायची.

त्यांच्या घरात ठमी नावाची एक गलेलठ्ठ मांजर होती. मला तिचं अंथरूण केलं. हॉटेलातून मांजराखाली आलो म्हणून आधी मला अपमान वाटला, पण ठमी दिवसभर माझ्यावर घुरघुरत पडून राहायची आणि ते मला हळूहळू आवडू लागलं.

मग मालकिणीची आई वारली. वडील एकटे पडले, जेवायचं विसरू लागले. मालकीण त्यांना आपल्या घरी घेऊन आली. बाबा आले ते एक बॅग आणि एक टोपली घेऊन. टोपलीत त्यांच्या बायकोचा लाडका बोका होता, फौजदार. नावाप्रमाणेच मिशा होत्या त्याला. "ती गेल्यापासून मी बोलतो तो याच्याशीच," बाबांनी मुलीला सांगितलं. फौजदार त्यांच्या लेखी काय होता, हे मला तेव्हाच समजलं. माणसांना समजायला फार वेळ लागला.

पहिल्याच दिवशी घरच्या माणसांनी काय केलं माहीत आहे? टोपली ठमीच्या नाकासमोर ठेवली आणि झाकण उघडलं. बसा म्हणे, ओळख करून घ्या. पाहुण्याला थेट घरात घेणं ही माणसांची रीत झाली. मांजराच्या घरात अनोळखी वासाचं मांजर येणं म्हणजे दरोडाच. पुढच्या क्षणाला खोलीभर केस उडत होते आणि दोघांना सोडवायला कुणीतरी मला त्यांच्यावर फेकलं होतं. माझी उरलीसुरली किनार त्या दिवशी फाटली.

त्यानंतर दोघं एकमेकांना पाण्यात पाहू लागली. कडकराव इस्त्रीसाठी कपड्यांवर पाणी शिंपडतो ना, तोच फवारा तो त्यांच्यावर मारायचा. त्याने भांडण थांबलं नाही, दोघं कडकरावाला घाबरू लागली एवढंच. मग त्याने अक्कल चालवली आणि दोघांना एका खोलीत कोंडलं, म्हणे एकदाचा काय तो निकाल लागू दे. लागला. ठमीचा कान फाटला, फौजदार लंगडू लागला आणि ती दोघं जेवायलासुद्धा बाहेर येईनात. अहो, भांडणारी माणसं कोंडली तर ती तरी गळ्यात गळे घालतात का?

शेवटी फौजदाराने बिथरून इस्त्री केलेल्या कपड्यांच्या थप्पीवर मुतून ठेवलं. गिऱ्हाईक दुकानात उभं राहून नाही नाही ते बोललं. मालकिणीने तेव्हा निक्षून सांगितलं की महिनाअखेरीस बोका शीतगृहाच्या रखवालदाराकडे जाईल, तिथे त्याला उंदीर भरपूर मिळतील. त्या रात्री बाबांनी ताटाला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी ते फौजदाराला टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. मलाही पांघरूण म्हणून नेलं होतं, म्हणून सगळं ऐकलं. बाई म्हणाल्या, दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवा. वाटी वेगळी, घाण करायची पेटी वेगळी, बसायला एकेक उंच जागा. हा टॉवेल एकाच्या गालावर हलक्या हाताने चोळा आणि दुसऱ्याच्या वाटीखाली अंथरा, मग उलट करा. पोट भरताना दुसऱ्याचा वास आला की तो वास वैऱ्याचा राहत नाही. बंद दाराच्या दोन बाजूंना जेवू द्या, आणि कुणी गुरगुरलं नाही तरच दार बोटभर उघडा. घाई करू नका.

मित्रांनो, माझी छाती फुगली. टाकाऊ म्हणून बाजूला काढलेल्या टॉवेलवर आता एका बोक्याचं घर आणि एका म्हाताऱ्याचा जीव अवलंबून होता.

बाबा सगळं सांगितल्याप्रमाणे करत होते. दिवसभर मी इकडून तिकडे जायचो. संध्याकाळपर्यंत माझ्यात ठमी आणि फौजदार दोघांचे वास मुरायचे. आणि संध्याकाळी मालकीण मला उचलायची, नाकाला लावायची आणि यंत्रात टाकायची! रोज! कडक गरम पाणी, फुलांच्या वासाचा साबण. दिवसभराच्या कामावर अक्षरशः पाणी फिरायचं. सकाळी ठमी मला हुंगायची, तिला कुणाचाच वास यायचा नाही, आणि दाराखालून फौजदाराची मिशी दिसली की फिस्कारायची. बिचाऱ्या डॉक्टरीणबाईंना काय माहीत की हे घर लॉन्ड्रीवाल्यांचं आहे? त्या यंत्रात गरगर फिरताना मी जितका संतापलो, तितका आयुष्यात कधी संतापलो नव्हतो. आणि मला तोंड नव्हतं.

महिना संपला. रखवालदार संध्याकाळी येणार होता. मालकीण नेहमीसारखी मला घेऊन यंत्रापाशी आली, तर बाबांनी यंत्राच्या झाकणावर हात ठेवला.

"तो धुऊ नकोस," ते म्हणाले.

"बाबा, किती घाण वास येतोय त्याला."

"येऊ दे. मी आलो त्या दिवशी तू तुझ्या आईची शाल धुतलीस. मला विचारलंसुद्धा नाहीस. तिचा वास तेवढ्या एकाच ठिकाणी उरला होता."

ते हळू आवाजात बोलत होते, पण झाकणावरचा हात त्यांनी काढला नाही. मला वाटायचं, या घरात रागावलेला मी एकटाच. तेव्हा कळलं की एक माणूस माझ्याहून जास्त रागावून इतके दिवस गप्प बसला होता.

मालकिणीने मला खाली ठेवलं. आई गेल्यापासून तिला मी रडताना पाहिलं नव्हतं. ती नुसती धूत होती. त्या दिवशी ती यंत्राला टेकून जमिनीवर बसली आणि पोरीसारखी रडली. बाबाही शेजारी बसले. रखवालदार आला तेव्हा कडकरावाने त्याला दारातूनच परत पाठवलं.

त्यानंतर मला कुणी धुतलं नाही. हळूहळू फिस्कारणं कमी झालं. दार बोटभर उघडलं, मग वीतभर. वाट्या जवळ सरकल्या. गळ्यात गळे वगैरे काही नाही हं, अजूनही वाटेत आमनेसामने आली की ठमी तोंड वाकडं करते. पण दुपारी माझ्या एका टोकाला ती झोपते आणि दुसऱ्या टोकाला तो. बाबा शेजारी बसून दोन्ही वेळा नीट जेवतात. मालकीण कापड अजूनही नाकाला लावते, पण बाबांची वस्तू असली की आधी विचारते. परवा तिने त्यांचा स्वेटर उचलून विचारलं. "धू," बाबा म्हणाले. "तो माझाच वास आहे, माझ्याकडे भरपूर आहे."

तर मित्रांनो, तुमच्या घरात दोन मांजरं भांडत असतील तर त्यांना मारू नका, कोंडू नका, पाण्याचे फवारे मारू नका. त्यांना जागा द्या, वेळ द्या. आणि त्यांच्यामध्ये एखादं मळकं, केसाळ, वास मारणारं फडकं पडलेलं दिसलं, तर कृपा करून ते तिथेच राहू द्या. त्याला साबण लावाल तर गाठ माझ्याशी आहे.