तीन भोंगे

तिसरा भोंगा वाजला तेव्हा म्हातारी दारात पोचली होती, एक चप्पल पायात, दुसरी हातात.

"आई, अहो बाग आहे आता तिथे," सून आतून म्हणाली. "पाच वाजलेत, एवढंच."

"कळतंय गं. पोराला नको सांगूस."

कळत होतं, पण पाय ऐकत नव्हते. तिथे गोदी होती तेव्हा एक भोंगा म्हणजे पाळी सुरू, दोन म्हणजे सुटली. तीन म्हणजे कुणीतरी चिरडलं गेलं, आणि वस्तीतल्या बायका असतील तशा फाटकाकडे धावायच्या. तिच्या नवऱ्यासाठीही तीनच वाजले होते. वर्षभरात गोदी बंद पडली. आता तिथे हिरवळ, रंगवलेली क्रेन, क्रेनपुढे फोटोला रांग, आणि पंधरा दिवसांपासून रोज संध्याकाळी लोकांच्या करमणुकीला तीन भोंगे. जखमेवर मीठ चोळायलाही मेल्यांनी वेळ ठरवून घेतली होती.

मुलगा त्याच बागेत यंत्रं सांभाळायचा. नोकरी नवी होती, त्याला मध्ये घालायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती एकटीच व्यवस्थापकाकडे गेली.

"एक वाजवा, दोन वाजवा. तीन तेवढे नकोत."

व्यवस्थापकाने खुर्ची पुढे केली. माणूस मऊ होता, त्यामुळे भांडायचीही सोय नव्हती.

"मावशी, आम्ही मनाने नाही ठरवलं हो. जुने कागद मिळेनात, जुनी माणसं पांगलेली. आमच्याच एका माणसाला विचारलं, त्याचे वडील गोदीत होते. त्याला लहानपणचा एकच भोंगा आठवतो. तीनदा वाजला, आणि आई त्याला कडेवर घेऊन पळत सुटली. सगळ्या बायका पळत होत्या म्हणे, शर्यत लागल्यासारख्या. जन्मात तेवढी मजा नाही आली, म्हणाला."

म्हातारी खुर्चीच्या कडेवर टेकली. बाप गोदीत गेला एवढंच तिने पोराला सांगितलं होतं. त्या दुपारचा विषय कधी काढलाच नव्हता.

"चुकलंय का त्याचं? बोलावू त्याला?"

"नको, नको. तीनच वाजायचे." ती उठली. "मीच विसरले."

संध्याकाळी मुलगा उड्या मारायचाच बाकी होता.

"आई, ऐकलास भोंगा? आज साहेबांनी माझ्या हातून वाजवला. आता रोज मीच!"

"ऐकला."

"कसा वाटला?"

"अगदी तेव्हासारखा," म्हातारी म्हणाली, आणि दारात उलटी पडलेली चप्पल तिने पायानेच खाटेखाली सारली.