अप्पांचा शब्द आणि टेस्टर

दीपश्रीला वायरिंगचं काम सासऱ्यांनी शिकवलं. मुकुंदरावांचं, म्हणजे अप्पांचं, गोकुळ रोडच्या आतल्या गल्लीत दुरुस्तीचं दुकान होतं. पुढं मिक्सर, इस्त्र्या, पंखे आणि मागं घर. लग्न होऊन आल्यावर ती चहा द्यायला म्हणून दुकानात यायची आणि स्टुलावर बसूनच राहायची. वर्षभरात स्विचबोर्ड भरायला लागली.

मेन स्विच मागच्या पडवीत होता. बोर्डाला हात लावण्याआधी ती पुढून विचारायची, “अप्पा, मेन?” मागून उत्तर यायचं, “काढला.” मग तिचं “झालं” ऐकू येईपर्यंत अप्पा मेनवर हात ठेवून उभे राहायचे. चुकून कुणी चालू करू नये म्हणून. सहा वर्षांत त्यांचा शब्द एकदाही खोटा ठरला नव्हता.

दोन हजार नऊ साली त्याच रस्त्यावर एका मिक्सर कंपनीचं सर्व्हिस सेंटर निघालं. घरोघरी जाऊन दुरुस्ती करायला त्यांना बाई हवी होती, कारण दुपारी घरात बायकाच असतात. मॅनेजरला दीपश्रीचं काम पसंत पडलं. पण सर्टिफिकेट पाहिजे म्हणाला, तेही महिनाअखेरपर्यंत. नाहीतर दुसरी बाई बघणार. अप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. दुकान फार दिवस चालायचं नाही हे घरात सगळ्यांना कळत होतं, बोलत कुणी नव्हतं.

ज्याला काम येतं त्यानं वर्गात न बसता थेट येऊन करून दाखवावं, अशी सोय तारिहाळच्या एका केंद्रात झाली होती. दीपश्री गेली. सोबत सासूबाई, शकुंतलाबाई, आणि त्यांच्या कडेवर नऊ महिन्यांचा साकेत. तो बाटलीला तोंड लावत नसे, त्यामुळं आई जाईल तिथं त्याची वरात.

परीक्षक जयतीर्थ बाहेरगावचे, कन्नड बोलणारे होते. शिकवणाऱ्यानं तपासायचं नाही, असाच तिथला नियम. त्यांच्या हातात एक कागद होता, त्यावर सोळा कामं. पास व्हायला किती मार्क लागतात, असं तिनं कन्नडमध्ये विचारलं. मार्क नाहीतच, ते म्हणाले; प्रत्येक कामापुढं एक तर ‘येतं’ लिहायचं, नाहीतर ‘अजून नाही’. पंधरा आली म्हणून सोळावं माफ होत नाही. आणि वेळेचं? वेळेचं बंधन नाही, येतं की नाही एवढंच बघायचं.

दीपश्रीनं स्वतः मेन बंद केला. टेस्टर आधी शेजारच्या चालू बोर्डाला लावून त्याचा दिवा लागतो का बघितलं, मग आपल्या बोर्डाला लावला. दिवा लागला नाही. तारा सोलल्या, अर्थिंगची तार जोडली. जयतीर्थ बघत होते आणि कागदावर खुणा करत होते. चांगलं नाही, वाईट नाही, माणसानं निदान खाकरावं तरी, असं तिला वाटत होतं.

बारावं काम चालू असताना बाहेर साकेतनं भोकाड पसरलं. ऐकून तिला पान्हा फुटला. जाऊन येऊ का, तिनं अवघडून विचारलं. जयतीर्थांनी कागद उलटसुलट करून बघितला. जाऊ नका असं यात कुठं लिहिलेलं नाही, म्हणाले.

वीस मिनिटांनी ती परत आली. केंद्रातला मदतनीस बाबू मेनपाशी उभा होता. सवयीनं तिनं दारातूनच विचारलं, “मेन?”

“बंद ऐत्रि, अक्का,” बंद आहे, असं बाबू कन्नडमध्ये म्हणाला.

तिनं पेचकस घेतला आणि राहिलेलं सगळं काम सफाईनं पुरं केलं.

कागदावर सही करताना तिला दिसलं: पंधरा ठिकाणी ‘येतं’ आणि एका ठिकाणी ‘अजून नाही’. हात लावण्याआधी लाइन तपासणे.

“पण मेन बंदच होता की, सर.”

“बंद होता हे मला माहीत आहे. मी इथंच उभा होतो. तुम्हाला कशावरून कळलं?”

तिनं बाबूकडं बोट केलं.

आठ दिवसांनी या, जयतीर्थ म्हणाले. सगळं परत नको, तेवढं एकच दाखवा.

बसमध्ये शकुंतलाबाईंचा हिशेब जुळेना. सोळात पंधरा म्हणजे शाळेत पहिला नंबर. मग नापास कशी? नापास नाही, दीपश्री म्हणाली. मग पास काय? तेही नाही. हे कसलं मधलंच त्रांगडं, म्हणत त्यांनी साकेतची कुंची बांधली.

खरं त्रांगडं घरी सुरू झालं. नेमकं कशात अडलं ते अप्पांना कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुकानात तिनं विचारलं, “अप्पा, मेन?” “काढला,” अप्पा म्हणाले. तिनं टेस्टर लावला. अप्पा नेमके पडवीच्या दारातून बघत होते. तिसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा जेवताना नातवाला म्हणाले, “सांग तुझ्या आईला, आजोबा म्हातारपणी खोटारडे झाले म्हणावं.”

एकदा-दोनदा तिला वाटलं, घरात तरी राहू दे टेस्टर. पण उद्या परक्यांच्या घरी मेनवर हात ठेवून कोण उभं राहणार होतं? आणि घरात एक, बाहेर एक असं हाताला शिकवता येत नाही. ती टेस्टर लावत राहिली. अप्पा ‘काढला’ म्हणत राहिले, बाकी बोलणं साकेतमार्फत.

आठव्या दिवशी तारिहाळला जयतीर्थांनी तिला मेन बंद करायला लावला, लाइन तपासायला लावली आणि मध्येच, जा, पाणी पिऊन या, म्हणून बाहेर पाठवलं. परत आली तर स्वतः म्हणाले, “मी आत्ताच बघितलंय, बंद आहे. करा सुरू.”

साहेब माणूस, पेन त्याच्याच हातात. तरी दीपश्रीनं टेस्टर शेजारच्या चालू बोर्डाला लावला, मग आपल्या. दिवा लागला नाही. बंदच होता. जयतीर्थांनी खूण केली आणि कागद सहीला पुढं केला.

घरी आल्यावर शकुंतलाबाईंनी साखर हातावर ठेवली. अप्पा पंख्याचं पातं पुसत बसले होते. आठ दिवसांत पहिल्यांदाच तिच्याकडं बघून त्यांनी काय झालं ते विचारलं. तिनं सगळं सांगितलं.

“म्हणजे साहेबाच्या शब्दावरही टेस्टर लावलास?”

“लावला.”

“आणि त्याला राग नाही आला?”

“नाही. त्यांच्या कागदावर तसंच लिहिलेलं आहे, अप्पा. कुणी काही सांगू दे, स्वतः तपासायचं.”

अप्पांनी पातं खाली ठेवलं.

“मग तो कागद मला आधी दाखवायचा नाही काय गं?”