इंजिनाचा पिवळा दिवा

माझ्या नवऱ्यानं, व्हर्लिनने, पिकअप धुतली होती. आमच्याकडे पिकअप धुतली जाते ती कुणाच्या दफनाला जायचं असेल तेव्हा, नाहीतर विकायची असेल तेव्हा. त्या रविवारी चर्चमधून आल्यावर तो न जेवताच बादली घेऊन अंगणात गेला, कारण दुपारी टेरिन येणार होती.

टेरिन ही त्याच्या वारलेल्या भावाची मुलगी. टेकड्यांपलीकडच्या वृद्धाश्रमात नर्स आहे. तिची छोटी गाडी बर्फात अडकते आणि यंदापासून मागच्या सीटवर तिची लेक हेटी असते, जेमतेम बसायला शिकलेली. हिवाळ्याच्या आत काकाची पिकअप घ्यायची, असं तिनं ठरवलं होतं.

मी माझा चष्मा काढून घ्यायला पिकअपमध्ये शिरले आणि व्हॅनिलाचा वास नाकात बसला. आरशाला सुगंधी पुठ्ठ्याचं नवं कोरं झाड टांगलेलं होतं. किल्ली फिरवली, तर रेडिओवर नुसती खरखर. आमचं धान्याच्या भावांचं स्टेशन गायब. घड्याळ बारावर लुकलुकत होतं. उन्हाळ्यापासून सतत जळणारा, बिघाड सांगणारा इंजिनाचा पिवळा दिवा, इंजिन सुरू झाल्याबरोबर शहाण्यासारखा विझला.

"दिवा गेला?" मी विचारलं.

"गेला. आपोआप." तो चाकं पुसत होता.

"आणि रेडिओपण आपोआप बिघडला?"

"मार्लिस, आठवडाभर नोकरीपायी लोकांच्या विहिरींत विष शोधतेस ना, तेवढं पुरे. रविवार आहे."

आमच्याकडे दिवा लागला की माणूस सुट्या भागांच्या दुकानात जातो. काउंटरवरचा पोरगा यंत्र लावून बिघाडाचा कोड वाचून देतो, फुकट. कोडच्या ओळीत ज्या भागाचं नाव येईल तो भाग माणूस विकत घेतो. व्हर्लिनने असे दोन ऑक्सिजन सेन्सर घातले. दिवा दोन्ही वेळा परत लागला. मी त्याला म्हटलं होतं, की कोड ही तक्रार असते, निदान नसतं. सेन्सरला धुरात जास्तीची हवा दिसते, कारण त्याच्या आधी कुठूनतरी हवा आत शिरते आहे. थंड इंजिन सुरू केलं की नखांनी टेबलावर ठोकल्यासारखी टिकटिक येते आणि गरम झालं की थांबते. इंजिनातून धूर नेणाऱ्या बिडाच्या नळाला, मॅनिफोल्डला, तडा आहे. मी काजळीही दाखवली होती. तिथून हवा आत जाते तसा धूरही बाहेर येतो, आणि हीटर लावला की तो गाडीत ओढला जातो. धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो, हेही सांगितलं होतं. तो हसला होता.

मी घरातून कोड वाचायचं माझं यंत्र आणलं आणि स्टिअरिंगखाली लावलं. कोड एकही नव्हता. पण खालच्या ओळींत गाडीच्या स्वतःच्या तपासण्या 'अपूर्ण' दिसत होत्या, बहुतेक सगळ्या. म्हणजे बॅटरीची तार काढून गाडीची आठवण पुसलेली होती, रेडिओ-घड्याळासकट. पुन्हा तक्रार करायला तिला बरंच अंतर धावावं लागतं. दिवा परत लागेपर्यंत टेरिन घरी पोचलेली असणार.

बॉनेटवर हात ठेवला. गरम. मी इंजिन सुरू केलं होतं ते क्षणभरच, आणि चर्चला आम्ही माझ्या गाडीतून गेलो होतो. टेरिनला टिकटिक ऐकू येऊ नये म्हणून त्यानं इंजिन आधीच तापवून ठेवलं होतं.

तोवर मी समजत होते, की त्याला माझं म्हणणं पटलेलंच नाही. हट्टी आहे, इतकंच. पण ते व्हॅनिलाचं झाड? धुराचा वास त्याला आला होता. म्हणूनच त्यानं तो झाकला होता.

टेरिन आली ती हेटीची सीट काखेत घेऊनच. "काका! किती चकचकीत! मला न्यायला नवरदेव येतोय की काय?"

"माझ्या पोरीला मळकी गाडी देईन होय?"

"टेरिन," मी म्हणाले, "ही घेऊ नकोस. मॅनिफोल्डला तडा आहे, धूर आत येतो. दिवा ह्यानं आज विझवलाय."

ती गोंधळून दोघांकडे बघत राहिली. व्हर्लिनने खांदे उडवले. "तुझ्या काकूला दुधातही काहीतरी सापडतं. चल, चक्कर मारू. स्वतः बघ."

"काकू, बाबांच्या गाड्या कायम काकाच बघायचा," ती हळूच म्हणाली. मला वाईट वाटू नये म्हणून. तिनं हेटीला मागे बसवलं, पट्टे आवळले, स्वतः पुढे व्हर्लिनच्या शेजारी बसली. मी हेटीच्या शेजारी शिरले आणि माझ्या बाजूची काच उतरवायला बटणावर बोट ठेवलं.

माझ्याआधी व्हर्लिनने त्याची उतरवली. मग मागची, हेटीच्या बाजूची. गाडी अजून फाटकापर्यंतही गेली नव्हती. बाहेर उत्तरेचा वारा सुटला होता.

"काका, काच वर कर ना. गारठेल ती."

"असू दे थोडी."

"अरे, हीटर चालू आहे आणि काचा उघड्या?"

"मोकळी हवा बरी असते लेकरांना."

"ह्या वाऱ्यात?"

त्यानं नजर रस्त्यावरच ठेवली. हातही बटणाकडे गेला नाही. टेरिन त्याच्या हाताकडे बघत होती. मग तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"थांबव गाडी."

"अगं, फाटकापर्यंत तरी—"

"काका, थांबव."

ती उतरली, मागचं दार उघडून पट्टे सोडायला लागली. बकल सुटत नव्हतं. मी मदत केली. हेटीला छातीशी धरून ती त्याच्या खिडकीशी गेली.

"जानेवारीत ती काच कोण उघडणार होतं?"

"टेरिन, अगं, तू उगाच तिचं ऐकून..."

"तिचं कुठे ऐकलं मी? तुझंच बघितलं."

ती आपल्या छोट्या गाडीतून गेली. मॅनिफोल्ड दुरुस्त होईपर्यंत माझी गाडी तू वापर, असं मी तिला फोनवर सांगितलं. ती रडत होती, पण हो म्हणाली.

मला त्याच्या लबाडीपेक्षा त्या उघड्या काचेची किळस आली. त्या एका चकरेपुरती त्याला हेटीची काळजी होती. अख्ख्या हिवाळ्याची नव्हती.

रात्रीच्या जेवणाला तो पाईचा तुकडा घेऊन बसला. "कुणीतरी बाहेरचा बघू," तो म्हणाला. "घरच्यांशी व्यवहार करूच नये."

"पिकअप दोघांच्या नावावर आहे. सही मी देणार नाही."

"एवढ्याशा तड्यासाठी?"

त्यानं काटा चाटून घेतला आणि दुसरा तुकडा मागितला. मी माझी थाळी उचलून स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याशी उभी राहून जेवले.