चिठ्ठीवाचून

"त्या गोळ्या कसल्या गं, रोझलिन? डॉक्टरची चिठ्ठी दाखव बघू!"

कॉन्रॅडच्या औषधाच्या दुकानाची पायरी उतरणारी रोझलिन थबकली. रस्त्यापलीकडे भाजीची टोपली मांडून बसलेल्या आल्बिनाने अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं विचारलं होतं.

"अंगदुखीच्या आहेत. कॉन्रॅडने दिल्या. त्याला चिठ्ठी कशाला?"

"काही खाऊन घ्यायच्या, की उपाशीपोटी? तुझं दुसरं औषध चालू आहे, त्याच्यावर चालतात? विचारलंस? पॉलिनच्या वेळी मीपण नव्हतं विचारलं."

रोझलिनने टोपलीमागे मेथीच्या जुड्या बांधत बसलेल्या आल्बिनाच्या लेकीकडे, पॉलिनकडे पाहिलं आणि गोळ्या परत करायला पायरी चढली.

आल्बिनाला बरं वाटलं, अगदी गार वाटलं. क्षमा कर, असं फादरांनी तिला समजावलं होतं. तिने मान डोलावली होती आणि दुसऱ्या दिवशी गिरीज गावाहून टोपली घेऊन पुन्हा इथेच ठाण मांडलं होतं.

कॉन्रॅड पॉलिनचा धर्मपिता. बाप्तिस्म्याला त्यानेच तिला हातांवर घेतलं, नावही त्यानेच सुचवलं. म्हणून तर पोरीचा ताप हटेना तेव्हा आल्बिना डॉक्टरऐवजी सरळ त्याच्याकडे गेली. घरच्या माणसाकडे कसली चिठ्ठी न्यायची? त्याने कुपीतली पावडर पाण्यात कालवून सुई टोचली, मग टोचतच राहिला. ताप गेला आणि पाठोपाठ पोरीचे कानही गेले. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, इंजेक्शनं जास्त झाली, आता इलाज नाही. आल्बिना रडत दुकानात आली, तर हा बाबा गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "ताप उतरवला ना? वर मलाच बोल लावतेस?" त्या बोलण्यापायी तिला त्याचं वाटोळं करायचं होतं, आणि ते होत आलं होतं. दुकानात आता माश्यादेखील बसत नव्हत्या.

दुपारी कॉन्रॅड रस्ता ओलांडून आला. नेहमीचा रुबाब कुठल्या कुठे गेला होता.

"आल्बिनाबाय, पुरे कर आता. दुकान बंद करायची पाळी आली. चुकलो मी."

"मला कशाला सांगतोस? जिचं नुकसान केलंस तिला सांग. नाव तूच ठेवलंस ना? मार हाक. तिने वळून बघितलं, तर उद्यापासून मी दुसरीकडे बसते."

पॉलिन त्यांच्याकडे पाठ करून बसली होती. कॉन्रॅडने ओठांवरून जीभ फिरवली.

"पॉलिन."

"मोठ्याने."

"पॉलिन!"

कोपऱ्यावरचा पाववाला वळला. चर्चकडून येणाऱ्या बायका थांबल्या. सगळा बाजार कॉन्रॅडकडे बघू लागला.

"अजून मोठ्याने मार," आल्बिना म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण नजर त्याच्यावरून हलली नाही.

पॉलिनने जुडीला केळीच्या सालीचं सोपट गुंडाळून गाठ मारली, जुडी टोपलीत ठेवली आणि पुढची हातात घेतली.