सालोमाकीच्या शाळेतले बटाटे

"हे आत आणायचे नाहीत, हिल्कामावशी," स्वयंपाकघराच्या दारात आडवा उभा राहत यार्को म्हणाला.

हिल्काच्या दोन्ही हातांत बटाट्यांच्या बादल्या होत्या. मागे तिसरीचा अख्खा वर्ग उभा होता, ओंजळीत गाजरे आणि मातीने माखलेले बीट घेऊन.

"का रे? पाय पुसलेत सगळ्यांनी."

"पायांचं नाही, भाजीचं म्हणतोय. जेवण आता शहरातून येणार. इथं फक्त गरम करायचं. बाहेरचं काही चालत नाही."

"बाहेरचं?" हिल्काने हनुवटीनेच शाळेमागचे वाफे दाखवले. "हे पन्नास पावलांवर आलंय. तुझं येतंय नव्वद किलोमीटरवरून. आणि बाहेरचं हे होय?"

यार्को नगरपालिकेच्या अन्नविभागात अधिकारी होता. याच शाळेत तो शिकला होता, आणि बीट ताटाखाली लपवायचा म्हणून हिल्काने त्याला कितीदा तरी पकडले होते.

ती एकोणतीस वर्षे सालोमाकी गावच्या या शाळेत स्वयंपाकीण होती. गावातले दुकान बंद पडले त्या वर्षी तिने शाळेमागचे गवत उपटून वाफे केले. मुले मे महिन्यात लावणी करत, उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांच्या घरचे पाळीपाळीने पाणी घालत, सप्टेंबरात काढणी होई. दर गुरुवारी हिल्का मुद्दामच जास्त सूप रांधायची. मग गावातली एकटी राहणारी म्हातारी माणसे मुलांच्या बुटक्या बाकांवर गुडघे दुमडून जेवायला बसायची. ऐंशी वर्षांचे आर्मासआजोबा त्याबदल्यात मुलांना पुढच्या वर्षासाठी बी धरायला शिकवत.

"मग यांचं करू काय?" हिल्काने विचारले.

"ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाका. खत होतं त्याचं. वाया नाही जात."

"मी लावलेत ते," एन्नी नावाची मुलगी हळूच म्हणाली. यार्कोने तिच्याकडे पाहिले नाही.

जेवणाच्या खोलीत भिंतीवर नगरपालिकेचा नवा फलक लागला होता. फोटोत हीच मुले, हेच वाफे, आणि खाली ठळक अक्षरांत 'आपल्या मातीतलं, आपल्या ताटात'.

"फोटोतली गाजरं बरी चालतात तुम्हाला," हिल्का तिकडे बघत म्हणाली.

"नियम मी केला नाही, मावशी."

"नाही केलास. नुसता दार अडवून उभा आहेस."

ती बादल्या घेऊन मुलांसह मागे फिरली. 

गुरुवारी तिने घरचे मोठे पातेले आणले. शाळेच्या कुंपणापलीकडे आर्मासआजोबांचे आवार होते, तिथे चूल मांडली. वर्गबाई मुलांना रांगेने घेऊन आल्या. म्हातारी माणसे आपापल्या खुर्च्या घेऊन आली. शहरातून आलेले डबे शाळेत तसेच बंद राहिले, आणि ते आणणारा ड्रायव्हर दोन वाडगे सूप पिऊन गेला.

"मीठ कमी आहे," आर्मासआजोबा म्हणाले.

"तुम्हाला डॉक्टरांनी बंद केलंय," हिल्का म्हणाली, आणि वाढतच राहिली.

सोमवारी यार्को कागद घेऊन आला. हिल्काची बदली शहरातल्या स्वयंपाकघरात झाली होती, भांडी धुण्याच्या विभागात. वाफ्यांवर हिरवळ लावायची, हेही ठरले होते.

"इथं सही करा," तो खाली बघत म्हणाला.

हिल्काने चष्मा लावला. कारणाच्या रकान्यात लिहिले होते: 'विद्यार्थ्यांना अज्ञात ठिकाणचे अन्न दिले.' ते तिने दोनदा वाचले. मग पेन मागून घेतले आणि 'अज्ञात' या शब्दावर सरळ रेघ मारली. बाजूच्या कोऱ्या जागेत ती बारीक अक्षरांत लिहू लागली: बटाटे, एन्नी, चौथा वाफा. गाजरे, सागा आणि ऊर्हो. बीट, ल्यूली, बी आर्मासआजोबांचे.

"मावशी, तिथं नुसती सही करायची असते."

"करते ना. आधी नावं होऊ देत."

यार्को उभाच राहिला. जागा संपली तेव्हा हिल्काने कागद उलटा केला आणि पुढचे नाव लिहायला घेतले.