माझ्याशेजारची पहिली शिंक

मी एक जुनी टाकी आहे, मित्रांनो, आणि सध्या माझ्या पोटात साधं पाणी आहे. हसू नका. एके काळी माझा रुबाब असा होता की माझ्याशेजारी कुणी शिंकतसुद्धा नसे.

पोलादी पत्रा वाकवून, जोडून मला घडवलं आणि एका रंगाच्या कारखान्यात आणून बसवलं. तिथे रंग पातळ करायला एक द्रावक वापरत. ते माझ्या पोटात भरलं. ठिणगी पडायचा अवकाश, की भडका! मग काय, माझा थाट सुरू झाला. भोवती कुंपण, कुंपणावर ज्वाळेचं चित्र. येणारा प्रत्येक जण काडेपेटी आणि मोबाईल फाटकावर ठेवून दबकत येई. मला वाटे, केवढा हा मान!

माझी देखभाल करणाऱ्या गृहस्थांना सगळे हळूकाका म्हणत. "हळू चाला. हळू बोला. शिंक आली तर फाटकाबाहेर!" शिंकेनं ठिणगी पडत नाही हे त्यांनाही ठाऊक होतं, पण धसका घेतलेल्या माणसाला कोण समजावणार? घरीसुद्धा ते कुजबुजत. एकदा फाटकाशी डबा द्यायला आलेली त्यांची बायको वैतागून म्हणाली, "अहो, निदान कुकरला तरी शिट्टी वाजवू द्या!"

पुढे धंदा वाढला. मालकांनी नवा विभाग बांधायचं ठरवलं आणि आराखडा सुनेकडे सोपवला. तिचं शिक्षणच त्यातलं. माझ्याकडे बोट दाखवून मालक म्हणाले, "हिच्यासारख्या आणखी दोन टाक्या. भिंत उंच करू, धोक्याचा भोंगा मोठा आणू." मी तर मनातल्या मनात बहिणींची नावं ठरवायला लागले.

सूनबाईंनी कुंपणाबाहेर टेबल टाकून कागद पसरला. त्यावर दोन नव्या टाक्या रेखाटल्या, तर आग लागल्यावर सगळ्यांनी जमायची मोकळी जागाच नाहीशी झाली.

"मग जमायची जागा फाटकाबाहेर न्या," मालक म्हणाले.

"बाबा, एवढ्या टाक्यांची झळ फाटकाबाहेरही येईल. रस्त्यापलीकडे न्यावी लागेल."

"न्या की पलीकडे!"

"पलीकडे छकुलीची बालवाडी आहे."

छकुली म्हणजे मालकांची नात. मालकांचा चेहरा उतरला. मग चाचरत म्हणाले, "बालवाडी... जरा हलवता नाही का येणार?"

"आपण वाघ पाळायचा आणि शेजाऱ्यांना घर बदला म्हणायचं? बाबा, वाघच नको ना! रंग पाण्यात कालवू. मग एवढी भीती पोसायचं कारणच उरत नाही."

"पाण्यातला रंग? पावसात ओघळून जाईल! अब्रू जाईल माझी."

"मग लावून बघू."

आणि लावला कुणाला? मला! डावीकडे जुना रंग, उजवीकडे पाण्यातला. उजवी बाजू टिकली की माझी नोकरी गेली. ऊन झालं, पाऊस झाला. मालक येता-जाता नखानं खरवडून बघत आणि मला गुदगुल्या होत. शेवटी मालकांचं नख तुटलं, पण रंग काही निघाला नाही.

झालं! साऱ्या कारखान्यात पाण्यातला रंग सुरू झाला. मला रिकामं करून, धुऊन पाणी भरलं, कुंपण काढलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्यापुढे कुणी दबकेना, शिडीवर कुणी ओला टॉवेल वाळत घातला!

एका दुपारी हळूकाका डबा घेऊन आले आणि चक्क मला पाठ टेकून जेवायला बसले. इतक्या वर्षांत मला कुणी पाठ टेकली नव्हती. फार बरं वाटलं. तेव्हा कुठे उमगलं, लोक मला मान देत नव्हते हो, मला घाबरत होते.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा. माझं मागणं उलटं आहे. उद्या तुम्ही कारखाने उभाराल, तेव्हा जिला जीव मुठीत धरून जपावं लागेल अशी टाकी मुळात बसवूच नका. ती नुसती कागदावर आहे, खोडरबरानं खोडता येतेय, तोवरच खोडा.

थांबा, हळूकाकांचं नाक वळवळतंय. सवयीनं ते उठून फाटकाकडे धावले, मध्येच थबकले, परत आले आणि माझ्या शेजारी उभं राहून त्यांनी अशी दणदणीत शिंक दिली, की रस्त्यापलीकडे बालवाडीतली पोरं खिदळायला लागली.