पायाळू महाराजांचं तीर्थ

‘मान दुखणं वेगळं आणि बोटं बधिर होणं वेगळं. मुंग्या आल्या, तर वाट बघू नका,’ खालच्या मजल्यावरच्या फिजिओथेरपिस्ट रजनीताईंनी आम्हा जावांना बजावलं होतं. मी हसण्यावारी नेलं. ऑनलाइन शिकवणाऱ्या कुठल्या बाईची मान दुखत नाही?

माझ्या मोठ्या जाऊबाई, मंजूषावहिनी, दिवसभर पलंगावर मांडी घालून, उशीवर लॅपटॉप ठेवून गणित शिकवायच्या. उजव्या हाताला मुंग्या आल्या तेव्हा त्या गेल्या पायाळू महाराजांकडे.

दर रविवारी इथे हिंदी मुलखात, बाग सेवनियातल्या आमच्या कॉलनीचा हॉल फुलून जायचा. निम्म्या तर घरून वर्ग घेणाऱ्या शिक्षिकाच. उदाचा धूर असा, की शेजारचीही दिसू नये, दुसरा कसला वासही येऊ नये. पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेल्या, माणसाची लाथ बसली की उसण जाते, हे आपण लहानपणापासून ऐकलेलं. लोकांना तेवढं पुरलं.

‘वायफाय! नावातच वाय आहे, माताजी, वाय म्हणजे वात,’ महाराज गरजायचे. ‘ही वाय पडद्यातून निघते आणि मास्टरनीच्या मणक्यात घुसते. इंजेक्शन से नहीं, लाथ से निकलती है!’

मग उघड्या मानेवर टाच घासायची, वर एक लाथ. ‘डोळे मिटा, जप करा. वाय जळेल.’ माळ संपता संपता बाई किंचाळायची, ‘गरम झालं! सच में!’ की टाळ्या.

वहिनींचीही मान तापायची. ‘एमआरआय काढला तर गुण जातो म्हणालेत,’ त्या मला दटावायच्या. इकडे त्यांच्या हातून उकळत्या वरणाचं पातेलं सुटलं. माझी तन्वी तिथून वीतभर अंतरावर रांगत होती.

पुढच्या रविवारी त्या हॉलमधून आल्या आणि तन्वीला उचललं. पोरीने त्यांच्या मानेला हात घातला, तोच डोळ्याला लावला आणि टाहो फोडला. नळाखाली डोळे धुता धुता मी तिची बोटं हुंगली.

‘महाराजांचं तेज आहे गं, लेकराला सोसलं नाही.’

‘तेज नाही, वहिनी. मलम आहे.’

त्यांना पटलं नाही. पण त्या माणसाला मी आता सोडणार नव्हते.

नंतरच्या रविवारी मी परात घेऊन हजर. ‘महाराज, आज पाद्यपूजेचा मान मला द्या.’

‘बाद में, बेटी. लाथेनंतर.’

‘आमच्या नागपूरकडे आधी पाय, मग प्रसाद,’ मी ठोकून दिलं.

‘होऊ द्या ना, महाराज!’ पहिली रांग ओरडली. भक्तांपुढे नाही कसं म्हणणार? मी भांड्यांचा साबण आणि काथ्या घेऊन त्यांच्या टाचा अशा घासल्या, की जळकी कढईसुद्धा लख्ख झाली असती.

मग शेजारच्या वसुधाकाकू लाथेला बसल्या. एक माळ झाली. दुसरी झाली.

‘काकू, गरम?’

‘नाही गं. गारच लागतंय. पाय ओला आहे ना!’

हॉलमध्ये खसखस पिकली. ‘वाय फार जुनी आहे,’ महाराज पुटपुटले.

‘नाही, महाराज. तेज तीर्थात उतरलंय. घ्या, डोळ्यांना लावा.’ मी परात पुढे केली. ते हातभर मागे सरले.

‘का हो? तुमच्याच पायाचं तीर्थ!’

काकूंनी बोट बुडवून हुंगलं. ‘अगं बाई, हे तर माझ्या गुडघ्याचं मलम!’

महाराज दाराकडे पळाले. चपला मी आधीच लपवल्या होत्या. मे महिन्याच्या दुपारी डांबरी रस्त्यावर अनवाणी नाचत गेले. मला जराही वाईट वाटलं नाही.

मलमाने कातडी तापते, घटकाभर दुखणं विसरायला होतं. आतली दबलेली नस मात्र तशीच राहते, आणि वर लाथ बसते. पायाळू म्हणजे पोटात बाळ वळलं नाही, इतकंच; त्याने टाचेत औषध येत नाही. विचारा, हुंगा, धुऊन बघा. खरं असेल ते साबणाने जात नाही.

शेवटी एमआरआय काढला, तेव्हा वहिनींची नस दबलेलीच निघाली. व्यायाम चालू आहे, लॅपटॉप टेबलावर आलाय. अंगठा अजून पुरता जागा झालेला नाही.

तुमच्या घरात, शेजारी कुणी अशी दिवसभर शिकवत बसत असेल, तर आजच तिच्याकडे जा. ‘बरी आहेस ना?’ विचारू नका, ती हो म्हणेल. बधिर बोटांना ब्लाउजचे हूक लागत नाहीत; एकटीला लावता येतात का, ते विचारा.